गुरुजींचा नंबर

मंजिरी : तरीपण मला सांग, माझ्या हातून काही भलतं दाबलं गेलं आणि सगळं पानच गेलं तर?

नकुल : नाही जाणार, काकू. पान जाईल असं बटणच ठेवलं नाही मी.

मंजिरी : मागच्या वेळीही असंच सांगितलं होतं मला. काही होत नाही, बिनधास्त लिहा. मी एक टोकदार कंस खोडला, तर आपल्या मराठी मंडळाच्या वेबसाइटवरचे सगळे फोन नंबर भोपळ्याएवढे झाले. चार दिवस तसेच होते.

नकुल : पाहिले होते मी.

मंजिरी : आणि पान कुठलं? सहलीचं असतं तर लोक हसले असते. 'घरात कुणी गेलं तर' हे पान. बिचारा माणूस डोळे पुसत उघडणार, आणि समोर ते दुकानाच्या पाटीसारखे आकडे.

नकुल : ती चूक तुमची नव्हती ना जी. खोलीतला बल्ब बदलायला आलेल्या माणसाला भिंतीच्या आतल्या वायरी दिसल्याच कशाला पाहिजेत? त्या जुन्या स्क्रीनवर सगळ्या वायरी उघड्या होत्या.

मंजिरी : हे तू कमिटीत बोललास?

नकुल : बोललो. उदयकाका म्हणाले, रविवारपर्यंत बघू. मंजिरीताईंना कुणाच्या मदतीशिवाय पान बदलता आलं तर पान राहील. नाहीतर काढून टाकू. मी पुढच्या शुक्रवारी बेसिंगस्टोकला चाललो, नवी नोकरी. त्यानंतर तुम्ही कुणाच्या मागे लागणार?

मंजिरी : उदयचं काही चुकलं नाही. चुकीचा नंबर देणारं पान असण्यापेक्षा नसलेलं बरं. मंगळवारी जे झालं, त्यानंतर तर मीच म्हणाले असते, काढा.

नकुल : ती डर्बीची मुलगी.

मंजिरी : हो ना. पुरुषोत्तम गुरुजी मार्चमध्ये गेले. आता मे चाललाय. आणि पानावर विधी सांगणारे म्हणून अजून त्यांचंच नाव, त्यांच्याच घरचा फोन. त्या मुलीचे वडील गेले, तिनं पान बघून फोन लावला, आणि उचलला कुणी? नीनानं. गुरुजींच्या बायकोनं. ती पोरगी विचारतेय, गुरुजी आहेत का. काय सांगितलं असेल रे नीनानं?

नकुल : तुम्ही नाही विचारलं त्यांना?

मंजिरी : कुठल्या तोंडानं विचारू? गुरुजींचं नाव बदला म्हणून मी वेब टीमला मेल टाकली होती, लगेच. पण टीम म्हणजे एक मुलगा, आणि त्याला नेमकी त्याच आठवड्यात मुलगी झाली. त्याला काय बोलणार?

नकुल : म्हणूनच म्हणून राहिलो मी. मध्ये कुणी माणूसच नको. ज्याला माहीत आहे त्यानंच बदलावं. बसा या खुर्चीवर. चष्मा?

मंजिरी : डोक्यावर आहे. तू कुठे चाललास?

नकुल : कुठे नाही, मागे बसतो. आता ऐका. मी काही सांगणार नाही. तुम्ही वाचा, करा, आणि मनात येईल ते मोठ्यानं बोला. अडलात तर दोष फॉर्मचा. मी लिहून घेईन.

मंजिरी : म्हणजे परीक्षेला मी बसायचं आणि नापास तो होणार?

नकुल : अगदी तसंच.

मंजिरी : हे छान आहे. मी जीपीच्या, म्हणजे डॉक्टरांच्या रिसेप्शनला होते ना, तिकडे दर थोड्या दिवसांनी नवी सिस्टिम यायची. शिकवायला जो मुलगा यायचा, तो माझ्याकडे असा बघायचा, जणू मीच बिघडलेय. बरं. 'कुणाची माहिती बदलायची आहे?' अगं बाई, मराठीत विचारतोय.

नकुल : ...

मंजिरी : खाली नावं आहेत. नावापुढे गाव. हे बरं केलंस, आपल्याकडे दोन शिल्पा आहेत. आधी स्वानंद घेते, त्याचा फोन बदललाय. स्वानंद, कॉव्हेंट्री. दाबू?

नकुल : ...

मंजिरी : दाबते. 'हे कशात मदत करतात?' विधी सांगतात. सामान देतात. मृत्यूची नोंद करायला रजिस्टर ऑफिसला सोबत येतात. घरी येऊन बसतात. अरे, हे 'घरी येऊन बसतात' माझं आहे. मी फोनवर म्हणते तसंच्या तसं. कुठून आणलंस?

नकुल : ...

मंजिरी : बोल की.

नकुल : नियमात नाही, काकू.

मंजिरी : नियम गेला खड्ड्यात. मी विचारतेय.

नकुल : तुमच्याकडूनच आणलं. दोन शनिवार याच टेबलाशी बसलो होतो ना मी.

मंजिरी : तेव्हा तू थालीपीठ खात होतास. मी यांना म्हटलंसुद्धा, एकटा राहतो बिचारा, घरचं खायला येतो.

नकुल : तेही होतंच. पण पान बघून फोन करणाऱ्यांना तुम्ही काय काय विचारता ते ऐकून राहिलो होतो. जुन्या फॉर्मात 'सर्व्हिस कॅटेगरी' असं होतं. तुम्ही त्या दोन शनिवारांत एकदाही कुणाला सर्व्हिस म्हणाला नाहीत. आणि सगळ्यात आधी तुम्ही विचारता, तुम्ही आत्ता कुठे आहात, घरी की हॉस्पिटलात. म्हणून पान उघडल्यावर तेच पहिलं येतं. मग तुम्ही विचारता, जवळ कोण आहे. ते दुसरं. पान आता तुमच्याच क्रमानं चालतं. मी फक्त चौकटी काढल्या.

मंजिरी : मला माझा क्रम आहे हेच माहीत नव्हतं.

नकुल : मला दिसला.

मंजिरी : आणि त्या आधीच्या सगळ्या चौकटी कुठे गेल्या? ते स्लग का काय होतं, बिनशंखाच्या गोगलगायीचं नाव, मला त्याची किळस यायची.

नकुल : आहेत आत. त्यांची कामं त्या त्यांच्या करतात. तुम्हाला दिसायची गरज नाही.

मंजिरी : बरं. नंबर बदलला. 'रात्री फोन केला तर चालतो का?' हे किती महत्त्वाचं आहे, पण कुणी विचारतच नव्हतं. स्वानंदला चालतो. आता, 'फोन करणाऱ्याला यांच्याबद्दल काय सांगाल?' लिहिते हं. स्वानंद दिवसा बँकेत नोकरी करतात, त्यामुळे सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळात त्यांना फोन घेता येत नाही, तरी आपण काळजी करू नये, त्यांना एक मेसेज पाठवून ठेवावा, त्यात आपलं नाव, गाव, आणि... हे लाल का झालं? 'थोडं कमी करता येईल का? दोन ओळी पुरतात.' उद्धट नाही, पण अडवतंय मला.

नकुल : अडवतंय.

मंजिरी : मला सगळं सांगायचंय त्या माणसाला. दोन ओळींत कसं होणार?

नकुल : काकू, माझ्या मित्राचे, प्रणवचे बाबा गेले तेव्हा पान मी वाचलं होतं. तुम्हाला सांगितलं नाही कधी. बाबा आले होते नागपूरहून, तीन आठवड्यांसाठी. प्रणव जिन्यावर बसून होता, काही बोलत नव्हता. मी मोबाइल धरून तेच पान वाचून राहिलो होतो. लिहिलेलं सगळं बरोबर होतं, कुणीतरी मनापासून लिहिलं होतं. पण आत जात नव्हतं. एक ओळ वाचायचो, खाली जायचो, पुन्हा तीच वाचायचो. मोठ्या परिच्छेदाच्या मधे कुठेतरी तुमचा नंबर होता. तो सापडेपर्यंत मला रडू आलं.

मंजिरी : आणि मी फोन उचलला तर तू नुसतं म्हणालास, हॅलो, मराठी?

नकुल : दुसरं काही सुचलं नाही.

मंजिरी : तो परिच्छेद मीच लिहिला होता. चांगला लिहिलाय असं वाटायचं मला.

नकुल : चांगलाच होता. मी नंतर एकदा नीट बसून वाचला. पण त्या दिवशी नीट बसता येत नाही ना.

मंजिरी : नाही येत. बरं, थांब. खोडते. 'स्वानंद दिवसा बँकेत असतात. मेसेज टाका, ते स्वतः फोन करतात.' लाल गेलं. आणि हे बाजूला काय, मोबाइलचं चित्र?

नकुल : ...

मंजिरी : कळलं. वाचणाऱ्याला दिसेल तसं दिसतंय. मी इकडे अक्षर टाकलं की तिकडे उमटतंय. म्हणजे आधीच बघून घ्यायचं. काय डोकं आहे रे तुझं. बरं, पुढे. 'यांच्याशी शेवटचं बोलणं कधी झालं?' आणि लाल चांदणी. चांदणी म्हणजे भरलंच पाहिजे, एवढं मला कळतं. पण हे कशाला हवंय? लोकांना दिसणार आहे का?

नकुल : लोकांना नाही. ते तुमच्यासाठी आहे. तुम्ही कुणाला कुणाचा नंबर देता, त्याच्या आधी काय करता?

मंजिरी : काय करते? फोन करते. अहो, आज आहात ना घरी, एक जण फोन करतील, असं सांगते. मग देते.

नकुल : दर वेळी करता. त्या दुसऱ्या शनिवारी तुम्ही एक नंबर द्यायला तीन फोन केले, आणि त्या बाई एजवेअरला मुलीकडे गेल्यात हे कळल्यावर दुसऱ्याचा दिला. पानाला तसं करता येत नाही. पण पानाच्या मागे बसलेल्या माणसाला येतं. म्हणून ही तारीख टाकल्याशिवाय काही बदलताच येत नाही. आणि तारखेला तीन महिने झाले की तुम्हाला मेल येते, यांच्याशी एकदा बोलून घ्या.

मंजिरी : नकुल.

नकुल : काय झालं?

मंजिरी : काही नाही. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी तुला सांगितलंही नव्हतं. तू थालीपीठ खाता खाता हे बघितलंस.

नकुल : लोणी फार छान होतं, काकू.

मंजिरी : विषय बदलू नकोस. तुझ्या आईला एकदा फोन करून सांगणारे मी. असो. स्वानंदशी काल बोलले. कालची तारीख. 'पानावर लावा.' लावते. आता?

नकुल : ...

मंजिरी : 'लागलं. पान बघायचं असेल तर इथे.' नको, मी माझ्या फोनवरच बघते. हं. स्वानंद, कॉव्हेंट्री. नवा नंबर. अरे, खरंच बदललं की. मी केलं हे?

नकुल : इथे दुसरं कोण आहे?

मंजिरी : मेलनं दोन महिन्यांत काही झालं नव्हतं.

नकुल : म्हणून तर.

मंजिरी : आता ते दुसरं. आधीच करायला हवं होतं, मी मुद्दाम स्वानंदला पुढे काढलं. पुरुषोत्तम गुरुजी, सॉलिहल. उघडलं. खाली काय आहे, 'यांचं नाव पानावरून काढा'. तू डिलीट नाही लिहिलंस.

नकुल : आधी डिलीट होतं. मग माणसांच्या नावाखाली तो शब्द पाहिला, आणि बदलला.

मंजिरी : बरं झालं. दाबते. 'काढण्याआधी: यांच्याशी शेवटचं बोलणं कधी झालं?' चांदणी. ... नकुल, इथे काय टाकू?

नकुल : कोणतीही टाका, काकू. आजची टाका.

मंजिरी : आजची कशी टाकू? आज गुरुजी आहेत का?

नकुल : फॉर्मला काय कळतं? पुढे जाण्यापुरती टाका.

मंजिरी : फॉर्मला नाही कळत, मला कळतं. आत्ता तूच म्हणालास, या तारखेवर सगळं उभं आहे. पहिल्याच दिवशी मी खोटी टाकली, तर उद्या माझ्या जागी येणारी खरी कशाला टाकेल?

नकुल : मग खरी टाका. त्यांच्याशी शेवटचं बोललात ती.

मंजिरी : हॉस्पिटलात बोलले होते. ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून म्हणाले, माझी पिशवी स्वानंदला द्या, पळी त्यात वरच्या कप्प्यात आहे. ती तारीख मी या 'काढा'च्या खाली लिहू?

नकुल : ...

मंजिरी : आता तरी बोल.

नकुल : चुकलं माझं, काकू. मदत करणारा माणूसच गेला तर, हे मी धरलंच नव्हतं. या पानावर, आणि हेच नाही धरलं. लिहून घेतो. दहा मिनिटं द्या, इथली चांदणी काढून टाकतो, मग तारीख रिकामी चालेल.

मंजिरी : थांब. काही काढू नकोस.

नकुल : पण तुम्ही अडलात ना. अडलात म्हणजे फॉर्म नापास.

मंजिरी : अडले ते बरोबर जागी अडले. कुणाशी बोलल्याशिवाय कुणाचा नंबर निघू नये, हे बरोबरच आहे. तो नंबर आता कुणाचा आहे? नीनाचा. म्हणजे तिला विचारायला हवं. आणि मंगळवारपासून मी नेमकं तेच सोडून बाकी सगळं करतेय. काल फ्रीजसुद्धा पुसला.

नकुल : मी बाहेर जाऊ का?

मंजिरी : अजिबात नाही. माझ्यानं एकटीनं व्हायचं नाही. स्पीकरवर लावते.

(फोनची रिंग बराच वेळ वाजत राहते.)

नीना : हां, बोल गं मंजू.

मंजिरी : नीना. जेवलीस का?

नीना : दुपारी चार वाजता जेवलीस का विचारतेस, म्हणजे काहीतरी अवघड बोलायचंय. बोल.

मंजिरी : मंगळवारी तुला एका मुलीचा फोन आला ना. डर्बीहून. आपल्या पानावर अजून गुरुजींचं नाव होतं. ते बदलायला हवं होतं गं, राहून गेलं. तुला किती वाईट वाटलं असेल. आज मी स्वतः बसलेय, तो नंबर काढतेय. पण तुला विचारल्याशिवाय नको, म्हणून फोन केला.

नीना : काढ म्हणून कुणी सांगितलं?

मंजिरी : कुणी नाही. पण तुला त्रास...

नीना : त्रास झाला. खोटं कशाला बोलू? गुरुजी आहेत का म्हणाली, तेव्हा मी त्यांच्याच खुर्चीत बसले होते. क्षणभर वाटलं ठेवून द्यावा. मग म्हटलं, ते नाहीत, पण तू बोल. तर जी बोलायला लागली ती पोरगी, थांबेचना.

मंजिरी : गुरुजी गेलेत हे सांगितलंस?

नीना : शेवटी सांगितलं. आधी तिचं ऐकलं. तिला काहीच माहीत नव्हतं गं, इथेच जन्मलेली. क्रिमेटोरियममध्ये दिवा लावू देतात का? म्हटलं, बहुतेक ठिकाणी नाही देत, फ्युनरल डायरेक्टरला आधी विचार, आणि नाहीच म्हणाला तर निघायच्या आधी घरी लाव. आईच्या बांगड्या काढायच्या का? म्हटलं, तिच्या हाताला कुणी हात लावू नका, तिला वाटेल तेव्हा तिचं ती बघेल. तुळस कुठे मिळेल? म्हटलं, माझ्या खिडकीत आहे, पाठव कुणाला.

मंजिरी : आलं कुणी?

नीना : तिचा नवरा आला, गोरा मुलगा. डर्बीहून सॉलिहलला गाडी चालवत, एका तुळशीच्या पानासाठी. दारात बूट काढून उभा. मी पान टिश्यूत गुंडाळून दिलं, तर म्हणतो कसा, हे फ्रीजमध्ये ठेवायचं का? मी हो म्हटलं. काय हरकत आहे?

मंजिरी : तुला हे सगळं सांगता आलं...

नीना : का नाही येणार? इतकी वर्षं त्यांची पिशवी कोण भरत होतं? मंत्र त्यांचे, ते मी म्हणत नाही. पण ते रेल्वेत सिग्नलच्या ड्युटीवर असायचे तेव्हा निम्मे फोन मीच घ्यायचे. आणि इथलं तुला माहीतच आहे. माणूस गेल्यावर क्रिमेटोरियमची तारीख मिळायला आठवडा जातो, कधी दोन. तेवढे दिवस घरातल्यांनी करायचं काय? चहा करायचा, प्यायचा नाही, ओतून टाकायचा. त्या दिवसांत त्यांना कुणाला तरी विचारायचं असतं. काहीही. तेच तेच. विधी स्वानंद बघेल. हे मी करीन. नंबर काढू नकोस.

मंजिरी : नको काढू?

नीना : नको. आणि हे मागे कोण नाक ओढतंय?

मंजिरी : नकुल आहे. मला पान बदलता यावं म्हणून त्यानं फॉर्म करून दिलाय.

नीना : हॅलो मराठी, तोच का?

नकुल : हो, काकू. नमस्कार.

नीना : नमस्कार. मग विचार तुझ्या फॉर्मला, माझ्यासारखीला जागा आहे का त्यात.

मंजिरी : मी विचारते. तो गप्प बसणार आहे, आमचं ठरलंय. बघ हं. आधी ते 'काढा' नको, मागे जाते. गेले. नाव. इथे नीना लिहू?

नीना : लिही. गुरुजींचं?

मंजिरी : ते त्या दोन ओळींत घेऊ. आता, 'हे कशात मदत करतात?' विधी सांगतात, नाही. सामान देतात...

नीना : एका तुळशीला सामान कुठे म्हणतेस?

मंजिरी : रजिस्टर ऑफिसला सोबत येतात.

नीना : माझे गुडघे नाही येणार.

मंजिरी : घरी येऊन बसतात.

नीना : तेच गुडघे.

मंजिरी : मग संपलं. नाही, थांब, खाली आणखी एक आहे. 'यातलं काहीच नाही? तुमच्या शब्दांत लिहा.' नकुल, इथे काहीही लिहू शकते मी?

नकुल : ...

मंजिरी : मान हलवतोय. बारीक अक्षरात लिहिलंय, 'तुम्ही लिहाल ते पुढच्या वेळेपासून वरच्या यादीत दिसेल.' म्हणजे उद्या आणखी कुणी तसं करणारं निघालं तर तयार मिळेल. यादीत भर घालायचीसुद्धा माझ्यावर सोपवलीय यानं.

नीना : मग लिही ना. विचार कसला करतेस?

मंजिरी : 'तारीख मिळेपर्यंत फोनवर बोलतात.' कसं वाटतंय?

नीना : परत वाच.

मंजिरी : 'तारीख मिळेपर्यंत फोनवर बोलतात.'

नीना : असू दे. बरोबर आहे.

मंजिरी : रात्री फोन केला तर चालतो का?

नीना : चालतो. तशीही जागीच असते.

मंजिरी : आता दोन ओळी. तिसरी लिहिली की हा लाल होतो, आधीच सांगते.

नीना : लिही, पुरुषोत्तम गुरुजींच्या घरचा फोन. काहीही विचारा.

मंजिरी : एवढंच?

नीना : एवढंच. तुला आणखी काय घालायचंय?

मंजिरी : काही नाही. माझा एक परिच्छेद झाला असता. लिहिलं. आता, 'यांच्याशी शेवटचं बोलणं कधी झालं?'

नीना : हे काय विचारतोय तो?

मंजिरी : नंबर चालू आहे ना, माणूस बरा आहे ना, हे मी बोलून बघितलंय का, ते विचारतो. आज टाकते. हे बघ, टाकलं. आणि तीन महिन्यांनी मला मेल येणार, नीनाशी बोलून घे म्हणून.

नीना : तीन महिन्यांनी.

मंजिरी : हो.

नीना : आणि तोपर्यंत नाही करणार फोन?

मंजिरी : तसं नाही गं.

नीना : तसंच आहे, मंजू. तेराव्याला आली होतीस, त्यानंतर आज करतेयस. तू एकटीच नाही, सगळेच. ते होते तेव्हा फोन खाली ठेवायला मिळायचा नाही. मी रागावून बोलत नाहीये. तुलाही चार कामं असतात.

मंजिरी : नाही. बोल तू. बरोबर बोलतेयस.

नीना : बाळ, तू ऐकतोयस ना?

नकुल : ऐकून राहिलो, काकू.

नीना : तुझ्या त्या फॉर्मात ते तीन महिने कमी करता येतात का? सगळ्यांचे नको, माझ्यापुरते.

नकुल : येतात. पण ते मी नाही करायचं. मंजिरीकाकू करतील.

मंजिरी : कुठे? ... तारखेच्या खाली एक चौकट आहे, 'पुन्हा कधी आठवण करू?' तीन महिने. ही मघाशी मी पाहिलीच नाही. इथे बाण आहे. सहा, तीन, एक. एक घेऊ?

नकुल : मला नका विचारू.

मंजिरी : एक महिना. घेतलं. 'पानावर लावा.' ... 'लागलं.'

नकुल : काकू, मी एक अक्षर सांगितलं नाही. रविवारी उदयकाकांना हेच सांगणार आहे.

मंजिरी : सांग. आणि हेही सांग, की तुझा फॉर्म माझ्यापेक्षा बरा आहे. मी टाळत होते, तो टाळू देत नाही. नीना, आहेस ना?

नीना : आहे. थांब, माझ्या फोनवर बघते. चष्मा लावू दे. हं. नीना, सॉलिहल. तारीख मिळेपर्यंत फोनवर बोलतात. आणि खाली आमचा नंबर.